शेऱ्याच्या रकान्यातील माणसे

सन १८१४ च्या डिसेंबर महिन्यात न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर लॅक्लन मॅक्वारी यांनी तेथील मूलनिवासींना पॅरामाट्टा येथे बोलावून मेजवानी दिली, आणि अशा वार्षिक मेळाव्यांतून पुढे हिवाळ्याच्या तोंडावर सरकारी कांबळी वाटण्याचा जो प्रघात पडला, त्याच्या हिशेबापोटी ऑस्ट्रेलियाच्या दफ्तरात मूलनिवासींची नावनिशीवार फेरिस्त मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. १८३० च्या दशकापर्यंत या वाटणीसाठी ठराविक रकान्यांचा तक्ता रूढ झाला होता; तो ठिकठिकाणच्या मॅजिस्ट्रेटांकडे जाई आणि वोलोंगॉन्ग, ब्रोली अशा दूरच्या ठाण्यांहून भरून सिडनीस परत येई. अनुक्रमांक, इंग्रजी नाव, देशी नाव, अंदाजे वय, बायका किती, मुलगे किती, मुली किती, टोळी कोणती, आणि सर्वांत शेवटी नेहमीच्या वावराचे ठिकाण, असे ते रकाने. एका इसमाने दोन कांबळी नेऊ नयेत, एवढाच या खटाटोपाचा हेतू. परंतु सरकारी तक्त्यात उत्तर देणाऱ्यापेक्षा प्रश्न विचारणाऱ्याचाच स्वभाव अधिक स्पष्ट उमटत असतो. इंग्रजी नावाच्या रकान्यात जॅकी, बिली, टॉमी यांची भाऊगर्दी आहे, कारण ती नावे गोऱ्या माणसाने हाक मारण्याच्या सोयीसाठी ठेवलेली. देशी नावाच्या रकान्यात कारकुनाच्या कानास जे ऐकू आले ते इंग्रजी वर्णांत कसेबसे कोंबलेले, त्यामुळे एकच माणूस दोन सालांच्या दोन याद्यांत दोन निराळे इसम होऊन बसतो. आणि स्त्रिया पुष्कळदा नवऱ्याच्या ओळीत एक आकडा म्हणूनच शिल्लक राहतात. तरीही जो शेवटचा रकाना मॅजिस्ट्रेटांनी केवळ उपचार म्हणून भरला असावा, तोच आज सर्वांत मोलाचा ठरला आहे. अमुक नावाचा पुरुष, अमुक टोळीचा, अमुक नदीच्या मुखाशी वावरतो, असे सरकारनेच लिहून ठेवले. ज्या भूमीला वसाहतीचा कायदा कोणाचीच नसलेली मानून चालला होता, त्या भूमीवर कोण कोठे राहत होते याचा हा खुद्द सरकारी हाताचा दाखला.

१८४४ च्या सुमारास गव्हर्नर गिप्स यांनी ही वाटणी काही वर्षे थांबविली. कांबळे बंद झाले तशी यादीही बंद झाली, आणि आदल्या साली जी माणसे कागदावर होती ती पुढल्या साली तेथून नाहीशी झाली. ती मेली नव्हती. त्यांना द्यावयाचे असे सरकारजवळ काही उरले नव्हते, म्हणून त्यांना लिहिण्याचेही कारण उरले नव्हते. या दफ्तराचा पुढला सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचताना हे एक सूत्र हाताशी ठेवावे: सरकार माणसाला ज्या कामापुरते ओळखते, तेवढाच त्याचा देह कागदावर उमटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे काम कांबळ्याहून पुष्कळच वाढले. व्हिक्टोरियाने १८६९ साली, क्वीन्सलंडने १८९७ साली, पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०५ साली, न्यू साउथ वेल्सने १९०९ साली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९११ साली मूलनिवासींसाठी जे व्यापक कायदे केले, त्यांची कलमवार चर्चा येथे करण्याचे कारण नाही. माणसाने राहावे कोठे, चाकरी कोणाची करावी, काही ठिकाणी लग्न कोणाशी करावे, मिळकतीचे पैसे कोणाकडे ठेवावेत आणि मूल कोणाचे मानावे, हे ठरविण्याचा अधिकार या कायद्यांनी कमीअधिक फरकाने सरकारकडे घेतला, इतके म्हटले म्हणजे पुरे. यांतील गंमत अशी की १९०१ साली सहा वसाहतींचे मिळून जे राष्ट्रकुल झाले, त्याच्या घटनेच्या १२७ व्या कलमाने देशाच्या लोकसंख्येच्या बेरजेत मूलनिवासींना धरू नये असे फर्माविले होते, आणि २७ मे १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी ते काढून टाकीपर्यंत ते तसेच राहिले. म्हणजे बेरजेत ज्याला स्थान नाही, त्याच माणसाचे लग्न, चाकरी, आजार, प्रवास आणि पेटीतले शिलिंग यांवर स्वतंत्र टाचण ठेवले जात होते. गोऱ्या नागरिकाविषयी सरकारला इतके कधीच ठाऊक नव्हते. हे टाचण लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा ‘संरक्षक’ असा असला, तरी खेड्यापाड्यांत ते काम बहुधा ठाण्यावरील पोलिसाकडेच असे; अर्ज ज्याच्याकडे करावयाचा तोच अटक करणारा. मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणाआड ज्या पारधी, कैकाडी कुटुंबांना रोज हजेरी द्यावी लागे, त्यांच्या वंशजांना ही रीत अनोळखी वाटणार नाही. साम्राज्य एकच होते.

या कागदांतील फार मोठा भाग स्टेशनांशी निगडित आहे. तिकडे स्टेशन म्हणजे शेकडो, कधी हजारो चौरस मैलांचे गुरामेंढरांचे कुरण. त्याच्या मध्यभागी मालकाची वा व्यवस्थापकाची कोठी, थोड्या अंतरावर ओढ्याकाठी मूलनिवासी मजुरांची खोपटी, आणि कोठीला लागून एक दुकान. ज्यांच्या भूमीवर हे कुरण उभे राहिले, तेच बहुधा त्याचे गुराखी, घोडे शिकविणारे, कुंपण घालणारे आणि त्यांच्याच बायका कोठीतल्या मोलकरणी. त्यांच्या श्रमाची नोंद दोन ठिकाणी होई: एक कंपनीच्या वहीत, जेथे पीठ, साखर, चहा, तंबाखू यांचा शिधा मांडलेला असे, आणि दुसरी सरकारच्या रजिस्टरात, जेथे त्यांच्या मजुरीचा करार असे. क्वीन्सलंडात या दुसऱ्या नोंदीने अजब रूप घेतले. तेथे मजुराच्या वेतनातून थोडा हातखर्च त्याच्या हाती देऊन बाकीची रक्कम संरक्षकाकडे, म्हणजे पोलिसाकडे, जमा होई. तो ती त्या मजुराच्या नावे बचतखात्यात टाकी. आणि स्वतःच्या त्या पैशांतून बूट किंवा खोगीर घ्यावयाचे झाले तर मजुराने त्याच पोलिसाकडे मागणी करावी, त्याने ती मान्य करावी, मग साक्षीदारादेखत मजुराने अंगठा उठवावा, अशी पद्धत होती. १९३३ मध्ये ठिकठिकाणच्या या ठेवी ब्रिस्बेन येथील मध्यवर्ती खात्यात ओढून घेण्यात आल्या. आपल्याकडे सावकाराच्या वहीत कुळाचे देणे वाढतच जाई व वही वाचता न येणाऱ्या कुळाला ते मुकाट्याने मान्य करावे लागे. येथे तर देणे उलट बाजूला होते, सावकार कुळाचा ऋणी होता, आणि तरीही वही सावकाराच्याच हातात होती.

या खात्यांचे काय झाले हे कळण्यास विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. इतिहासलेखिका रॉस किड यांना क्वीन्सलंड सरकारच्या संबंधित खात्याचे कागद पाहावयास मिळाले, आणि त्यांच्या १९९७ च्या ग्रंथातून खात्याच्या अंतर्गत पत्रव्यवहाराचाच आधार घेऊन असे दाखविण्यात आले की पोलीस मजुरांच्या पैशांत हात घालतात हे खात्याला माहीत होते, हिशेब तपासनिसांनी तसे शेरे वारंवार मारले होते, आणि मजुरांच्या ठेवींतून व त्यांच्यावर बसविलेल्या कपातींतून सरकारने स्वतःचे खर्च भागविले होते. मजुराच्या तोंडी तक्रारीने जे साधले नसते ते तपासनिसाच्या शेऱ्याने साधले. हान्स पीअरसन या वृद्ध गुराख्याच्या नावाने उभा राहिलेला सामूहिक दावा २०१९ साली १९ कोटी डॉलरांवर मिटला. दहा वर्षांच्या चाकरीनंतर पैसे काढावयास गेलेल्या या गृहस्थाच्या हाती त्या काळी अवघे २८ पौंड पडले होते. हिशेबाची वही जाळली गेली असती तर हा दावा उभाच राहिला नसता. माझ्या मते या सर्व प्रकरणात सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे की ती जाळली गेली नाही. इंग्रजी अमदानीतील कारकुनाला अन्याय नोंदविण्याची लाज वाटत नसे, पण कागद फाडण्याची वाटे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ च्या कायद्याने मुख्य संरक्षक हा सोळा वर्षांखालील प्रत्येक मूलनिवासी व मिश्र रक्ताच्या मुलाचा कायदेशीर पालक ठरला. जिवंत आईबाप असले तरीही. १९१५ पासून १९४० पर्यंत या खात्याची सूत्रे ऑ. ऑ. नेव्हिल या एकाच अधिकाऱ्याकडे राहिली, आणि व्यक्तिवार फाइल ही त्याच्या कारभाराची खूण बनली. १९३१ साली मूर रिव्हरच्या सरकारी वसाहतीतून मॉली, ग्रेसी आणि डेझी या तीन मुली निसटल्या आणि सशांना अडविण्यासाठी घातलेल्या कुंपणाच्या आधाराने आपल्या घराकडे, जिगलाँगच्या दिशेने, सुमारे १,६०० किलोमीटरची वाट चालू लागल्या, हे प्रकरण आता पुस्तकामुळे व चित्रपटामुळे जगजाहीर आहे. मॉलीची मुलगी डोरिस पिल्किंग्टन गारिमारा यांनी ते पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध केले तेव्हा आईच्या व मावशीच्या आठवणींबरोबर पोलिसांच्या तारा आणि खात्याची पत्रेही त्यात घातली. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यास एक गोष्ट ध्यानात येते. तारेत मुली जेथे कोणाच्या दृष्टीस पडल्या तेवढीच ठिकाणे आहेत: अमुक शेतावर दिसल्या, अमुक ठिकाणाहून उत्तरेकडे गेल्या. दोन तारांच्या मधले कित्येक दिवस कागदाच्या लेखी रिकामे आहेत. वास्तविक मुलींच्या दृष्टीने तेच दिवस यशाचे, कारण त्या दिवशी त्या कोणाला सापडल्या नाहीत.

याच लेखिकेच्या जन्मतारखेची कथा मराठी वाचकाला विशेष ओळखीची वाटेल. बाल्फर डाउन्स नावाच्या स्टेशनावर तिचा जन्म झाला, आईने तिचे नाव नुगी ठेवले, मालकिणीला ते पसंत न पडल्याने ती डोरिस झाली; आणि जन्माची नोंद कोठेच नसल्यामुळे खात्याने तिची जन्मतारीख १ जुलै १९३७ अशी लिहून टाकली. आपल्याकडे हेडमास्तरांच्या कृपेने १ जून रोजी जन्मलेली जी एक अख्खी पिढी आहे, तिच्यापैकी कोणालाही यातील युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की आपल्या मास्तरांना मूल पहिलीत बसवावयाचे होते. तिकडच्या तारखेवर मूल किती वर्षे सरकारच्या ताब्यात राहणार ते ठरत होते. १९४१ साली मॉली दुसऱ्यांदा त्याच वसाहतीतून पायी निघाली तेव्हा धाकटीला कडेवर घेऊन गेली आणि डोरिस मागे राहिली. मायलेकींची भेट पुढे एकवीस वर्षांनी झाली.

मिशनांच्या दफ्तराचा पोत थोडा निराळा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील पॉइंट मॅक्लेचे मिशन चालविणाऱ्या जॉर्ज टॅप्लिन यांनी १८५९ पासून मृत्यूपर्यंत रोजनिशी ठेविली, आणि मध्य ऑस्ट्रेलियातील हर्मन्सबर्ग येथे १८७७ मध्ये आलेल्या जर्मन लूथरपंथीयांनी बाप्तिस्म्याची पुस्तके. तेथे १८९४ पासून १९२२ पर्यंत राहिलेले कार्ल स्ट्रेलोव्ह अरंडा भाषा उत्तम जाणत, त्यामुळे त्यांनी टिपलेल्या वंशावळींत नाते काय व कोणत्या बाजूचे हे नेमके समजते. बाप्तिस्मा देण्यासाठी माणसाशी बोलावे लागते, शिधा देण्यासाठी लागत नाही. म्हणून मिशनऱ्याने त्या माणसाच्या धर्माला अंधार म्हटले असले तरी त्याच्या आजोबांचे नाव तो बरोबर लिहितो. पोलीस त्याच्या धर्माविषयी काहीच बोलत नाही आणि नावही चुकवितो.

याच हर्मन्सबर्गचा चित्रकार आल्बर्ट नामाट्जिरा हा उत्तर प्रांताच्या एका विलक्षण रजिस्टरात नसल्यामुळे संकटात सापडला. १९५३ च्या कल्याण-अधिनियमात मूलनिवासी हा शब्द मुद्दाम टाळून, ज्याला स्वतःचा कारभार पाहता येत नाही अशा कोणालाही सरकारचा ‘पाल्य’ ठरविता येईल अशी सभ्य भाषा योजण्यात आली. परंतु मतदानाचा हक्क असलेल्यास पाल्य करता येणार नाही अशी मेख त्यातच मारून ठेविल्याने जाळ्यात मूलनिवासीच सापडावेत अशी चोख व्यवस्था झाली. मग १९५७ साली पंधरा हजारांहून अधिक पाल्यांची यादी राजपत्रात छापली गेली. स्टेशनोस्टेशनी व मिशनोमिशनी फिरून जमविलेल्या या यादीत चुका भरपूर होत्या, काही माणसांना थट्टेची नावे तशीच चिकटली होती, आणि लोकांनी तिला जातिवंत घोड्यांच्या वंशावळीची वही म्हणतात तेच नाव दिले: ‘स्टड बुक’. नामाट्जिरा व त्याची पत्नी रुबिना यांना यादीतून वगळण्याचा सन्मान मिळाला. परिणामी त्याला दारू विकत घेता येऊ लागली, पण त्याचे सारे गणगोत यादीत असल्यामुळे ती त्यांच्याबरोबर वाटून घेणे हा गुन्हा झाला, आणि ज्या समाजात वाटून न घेणे हाच दोष तेथे हा गुन्हा घडणे अटळ होते. १९५८ साली त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, अपिलात ती तीन महिन्यांवर आली, त्यापैकी काही काळ त्याने पापुन्या येथे काढला आणि १९५९ च्या ऑगस्टमध्ये तो वारला.

आतापर्यंत वर्णिलेल्या कागदांतून अधिकाऱ्याचा आवाज एकाच पट्टीत ऐकू येतो. तो कोठे फाटतो हे पाहावयाचे असेल तर वेव्ह हिल स्टेशनाचा एक अहवाल वाचावा. वेव्ह हिल म्हणजे वेस्टी कंपनीचे तेच प्रचंड कुरण, जेथून १९६६ च्या ऑगस्टमध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागोमाग गुरिंजी मजूर काम टाकून बाहेर पडले व पुढे जमीन मिळेपर्यंत परतले नाहीत. त्याआधी सतरा वर्षे, १९४९ च्या नाताळाच्या तोंडावर, टेड इव्हान्स नावाच्या गस्ती-अधिकाऱ्याने तेथून मिश्र रक्ताची मुले विमानाने नेल्यावर वरिष्ठांकडे लेखी अहवाल पाठविला. त्यात तो सांगतो की असा हृदयद्रावक प्रसंग पुन्हा पाहण्याची आपली इच्छा नाही. विमानाची इंजिने तेथे बंद करीत नसत. त्या घरघराटाने आणि त्या अनोळखी यंत्राच्या दर्शनाने मुलांचे दुःख व भीती अधिकच वाढली, आणि दोघे तर जवळजवळ भान हरपून बसले. मातांचे सांत्वन करण्यासाठी त्याने निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे छायाचित्र काढले व त्याच्या प्रती त्यांना वाटल्या, आणि पाचही जणींना एकेका झग्यापुरते कापड दिले. मुलांना गोळ्या दिल्या. तो असेही कबूल करतो की आपण येत आहोत ही बातमी आपल्या आधीच पुढच्या स्टेशनांवर पोहोचली असावी, कारण तेथील मुले अगोदरच दूर नेण्यात आली होती. या अहवालावर शासन-सचिव लेडिन यांनी टिपण लिहिले की सामान्य माणसाच्या भावना दुखावणारी याहून अधिक खात्रीची रीत कल्पिणे कठीण, आणि मानवी हक्कांच्या प्रचलित कल्पनेचा भंग केल्याचा ठपका सरकारवर येईल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला तेव्हा नुकते एक वर्ष झाले होते. ‘त्या काळी सर्वांना हेच योग्य वाटत होते’ असे म्हणून जो बचाव आजही केला जातो, त्याला याहून सरळ उत्तर दुसरे नाही. ज्यांनी ते केले त्यांना ते योग्य वाटत नव्हते, आणि तसे त्यांनी लिहून बारनिशीत चढविले.

मात्र कागद नेहमी दुर्बलाच्याच बाजूने बोलतो असे समजू नये. १९५६ साली युटोपिया नावाच्या स्टेशनावरून पीटर गनर या मुलाला अॅलिस स्प्रिंग्ज येथील वसतिगृहात नेण्यात आले. मोठेपणी त्याने व अशाच रीतीने नेण्यात आलेल्या लोर्ना क्युबिल्यो यांनी राष्ट्रकुल सरकारवर दावा लावला, तेव्हा दफ्तरातून ‘पालकाचे संमतिपत्र’ असा मथळा असलेला एक छापील ढंगाचा कागद पुढे आला. मुलाला युरोपीय पद्धतीचे शिक्षण मिळावे अशी माझी इच्छा आहे, त्याच्या जातीमुळे त्याला त्याचा हक्क पोहोचतो, अशा आशयाची कारणे त्यात आईच्या तोंडी घातलेली होती, आणि खाली सहीच्या जागी तिचा अंगठा. निशाणी अंगठ्याचे दस्त पाहिलेल्या कोणाही मराठी माणसास तो मजकूर कोणाचा हे विचारण्याची गरज पडणार नाही. न्यायमूर्ती ओ’लॉफलिन यांनी ११ ऑगस्ट २००० रोजी निकाल दिला तो दाव्याच्या विरुद्ध. आईची संमती नव्हती असे या पुराव्यावरून म्हणता येत नाही, असे त्यांनी ठरविले. जी माणसे याविषयी काही सांगू शकली असती त्यांतील कित्येक तोवर मरून गेली होती. अंगठा तेवढा उरला होता.

सात वर्षांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात याच्या नेमके उलट घडले. ब्रूस ट्रेव्होरो हा तेरा महिन्यांचा असताना १९५७ च्या नाताळच्या दिवशी पोटदुखीसाठी अॅडलेडच्या इस्पितळात दाखल झाला आणि दोन आठवड्यांच्या आत आईबापांना न कळविता परक्या कुटुंबात देण्यात आला. पुढे आईने खात्याला पत्र पाठवून विचारले की बाळ कसे आहे व घरी केव्हा आणता येईल. खात्याचे उत्तर असे की प्रकृती सुधारत आहे, पण डॉक्टरांना तो आणखी काही काळ हवा आहे. मूल त्या वेळी इस्पितळात नव्हते. आईचे पत्रही दफ्तरात राहिले आणि उत्तराची स्थळप्रतही. शिवाय कायदेशीर प्रक्रियेशिवाय मुले उचलण्याचा मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला अधिकार नाही, असा सरकारच्याच विधी-सल्लागाराने पूर्वी दिलेला लेखी अभिप्रायही तेथेच निघाला. न्यायमूर्ती ग्रे यांनी २००७ मध्ये ट्रेव्होरो यांना ५,२५,००० डॉलर भरपाई दिली, आणि वर्षाच्या आत ते वारले. गनर व ट्रेव्होरो या दोघांच्या प्रकरणांत आईच होती. एकीचा अंगठा दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली होता, दुसरीचे स्वतःचे पत्र होते. निकालांत कायद्याचे इतरही मुद्दे होते हे खरे, तरी हा भेद मला क्षुल्लक वाटत नाही.

मूलनिवासींनी स्वतः लिहिलेले कागद या दफ्तरात वाटते त्याहून पुष्कळ अधिक आहेत. मेलबर्नपासून साठेक किलोमीटरवर कोरंडर्क येथे कुलिन लोकांनी सायमन वोंगा व विल्यम बराक यांच्या पुढाकाराने १८६३ मध्ये वसाहत उभारली, हॉप्सचे मळे पिकविले, आणि व्हिक्टोरियाच्या मूलनिवासी मंडळाने ती मोडण्याचा घाट घातला तेव्हा मेलबर्नपर्यंत पायी जाऊन मंत्र्यांपुढे कैफियत मांडली. येथील शाळेत अक्षरओळख झालेले तरुण अर्ज लिहून काढीत. टॉमस डनॉली हा त्यांचा लेखनिक. १८८१ च्या चौकशीत बराक व इतर रहिवाशांच्या साक्षी झाल्या, त्या छापून निघाल्या आणि १८८४ मध्ये जमीन कायमची राखीव ठरली. दोनच वर्षांनी कायदा पालटून मिश्र रक्ताच्या चौतीस वर्षांखालील धडधाकट माणसांना वसाहतीबाहेर काढण्यात आले, म्हणजे अर्ज लिहू शकणारे हातच नेमके काढून घेतले गेले. आणि ज्याच्या जन्माची नोंद नव्हती त्याने घरी राहावे की जावे, हे त्या जुन्या ‘अंदाजे वय’ रकान्यावर येऊन ठेपले.

१९९७ मध्ये मुलांच्या ताटातुटीविषयी जो राष्ट्रीय चौकशी-अहवाल संसदेपुढे आला, त्याने मूलनिवासींविषयीचा कोणताही कागद यापुढे नष्ट करू नये अशी शिफारस केली, आणि त्यानंतर राष्ट्रीय अभिलेखागाराने नावांची सूची तयार केली, राज्याराज्यांनी मार्गदर्शिका काढल्या. आता वाचनगृहात येणाऱ्यांपैकी पुष्कळजण संशोधक नसतात. ती नातवंडे असतात. त्यांना सुरुवातीलाच सूचना दिली जाते की यात दिवंगतांची नावे व चित्रे आहेत, कारण मृताचे नाव न उच्चारण्याचा रिवाज अनेक जमातींत आहे. आणि पुढे जे वाचावे लागते त्याबद्दलची सूचना निराळी. आजीच्या फाइलीत ती आळशी, उर्मट, संशयास्पद चारित्र्याची असा शेरा असतो, आणि खाली ज्याने तिला एकदाच पाहिले त्या पोलिसाची सही. मोनाश विद्यापीठाने व्हिक्टोरियातील कूरी लोकांबरोबर या शतकाच्या पहिल्या दशकात जे संशोधन केले, त्यात लोकांची मागणी मोठी विचारपूर्वक होती: मूळ पान काढू नका, शाईही फिरवू नका, परंतु त्या पानाला आमचे उत्तर जोडून ठेवा, म्हणजे पुढे जो कोणी ते मागवील त्याच्या हाती दोन्ही पडतील. अभिलेखागाराचा मूळ धर्म कागद होता तसा राखणे हा असल्याने या मागणीला तत्त्वतः विरोध होण्याचे कारण नाही. अडचण व्यवहाराची आहे. १९७५ मध्ये व्हिक्टोरियाच्या मूलनिवासी खात्याचा कारभार राष्ट्रकुलाकडे गेला तेव्हा जुन्या मंडळाच्या दफ्तराचीही वाटणी झाली, काही रुमाल राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेले, काही राज्याकडे राहिले, आणि एकाच कुटुंबाची पत्रे दोन सरकारांत विभागली गेली. दोन्हींचे कागद आता उत्तर मेलबर्नमधील एकाच इमारतीत पाहावयास मिळतात; कायदे मात्र दोन आहेत, सूच्या दोन आहेत, आणि आजीच्या शेऱ्याला उत्तर जोडावयाचे तर ती अमुक साली कोणत्या सरकारच्या फाइलीत होती हे नातवाला आधी शोधून काढावे लागते.